उणे, उणे, अधिक

हिल्लरने शिकवलं मला,
बावीस वर्षांपूर्वी, विर्त्सूच्या धक्क्यावरच्या याच खोलीत,
जिच्या खिडकीतून धुकं नसेल तर मुहू बेट दिसतं
आणि धुकं बहुधा असतंच:
एडिटर नुसत्या नावाने उघडू नये, उर्वे.
दार वाजवायच्याही तऱ्हा असतात.

उणे मोठा आर. फक्त वाचायला.
हात पाठीमागे बांधून म्युझियममध्ये फिरतात, तसं.
उणे डी. दोन आवृत्त्या शेजारी शेजारी,
जिथे जिथे पटत नाही तिथे तिथे रंग.
नवराबायकोंनी हे वापरू नये, म्हणायचा,
आणि स्वतः हसायचा नाही.
उणे यू, पुढे नन.
सगळ्या सवयी बुटांसारख्या उंबऱ्याबाहेर काढून
कोऱ्या पायांनी आत.
उणे एन. मागे काही खूण न ठेवता.
हे मात्र तू करू नकोस. वीज गेली की कळेल.

सगळं उणेच रे तुझ्या यंत्रात, मी म्हटलं.
एक अधिक आहे, तो म्हणाला.
अधिक, आणि त्याला चिकटून ओळीचा आकडा.
मध्ये जागा सोडलीस तर फसशील.
नाही सोडलीस तर थेट त्या ओळीवर जाऊन उभी राहशील,
वरचं काहीही न वाचता.

दोनशे चौदावी ओळ:
समुद्र गोठला की बोटीला किती मिनिटं जास्त द्यायची.
तो म्हणे चार.
मी म्हणे सात.
कप्तानाला विचारलं, तर तो म्हणाला बर्फाला विचारा.
फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी
आमचं अधिक-उणं झालं ते एवढ्यावरून.
मी थर्मास इथेच विसरून घरी गेले.

सोमवारी त्याची खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली.
त्याने ती कधीच सरकवली नव्हती.
झाडायला येणाऱ्या लाइनेने सरकवली होती.
तिला माझ्याआधी कळलं होतं.

मार्चमध्ये ती फाइल उघडायला गेले,
सवयीने, नुसत्या नावाने.
एडिटर दारातच आडवा आला:
या नावाची स्वॅप फाइल आधीच आहे.
मालक हिल्लर.
बदल केलेले, जतन केलेले नाहीत.
प्रोसेस अजून चालू.

अजून चालू.
सर्व्हरला कुणी कळवलंच नव्हतं.
आम्ही फुलं पाठवली, पेन्शनच्या ऑफिसला कळवलं,
तळघरातल्या त्या करड्या पेटीकडे कोण जाणार?

खाली नेहमीचे प्रश्न, नेहमीच्या कोरड्या आवाजात:
फक्त वाचू? तरीही बदलू? परत मिळवू? पुसून टाकू? जाऊ?

मी गेले.
कॉफी केली. ती प्यायले नाही.
मग परत येऊन सावकाश टाइप केलं
उणे धाकटा आर
(मोठा नुसता बघतो, धाकटा शोधून आणतो,
हेही त्यानेच सांगितलेलं)
आणि अधिक दोनशे चौदा, मध्ये जागा न सोडता.

चार खोडलेले होते.
तिथे पाच.
आणि शेजारी टिप्पणीत, त्याच्या त्या विरामचिन्हं गाळणाऱ्या एस्तोनियनमध्ये:
उर्वेला विचार पण

पण.
पुढे काही नाही. कर्सर लुकलुकत होता,
माझाच, मला माहीत आहे, माझाच.

पाच जतन केले. सात माझ्या बोटांवर आले होते, ते गिळले.
पण तसाच राहू दिला,
म्हटलं, कुणी तपासायला आलं तर सांगू, काम बाकी आहे.
स्वॅप फाइल पुसायची असते नंतर. पुसली नाही.
आता रोज सकाळी दारात तेच विचारणं,
तेच नाव, तीच तारीख,
आणि मी मोठा आर दाबून आत जाते.

खाली भोंगा झाला.
साडेपाचची बोट
पाच छत्तीसला बर्फ कापत निघाली.
सहा मिनिटं.
म्हणजे त्याचंही चुकलं, माझंही,
आणि हे मी सांगू कुणाला.