सैल बोळा

भाच्यानं बेंगळुरूला जाताना दिलेली ही पंख्याची सायकल.
जितक्या जोरात पायडल माराल
तितका पुढचा पंखा अडवतो,
आणि तितकाच ओरडतो.
पहिल्याच सकाळी खालच्या ठवरेकाकू जिन्यातून म्हणाल्या,
"काहून वं कुंदा, वर चक्की टाकली काय?"

साडेपाचला आम्ही सात जणी पडद्यावर जमतो.
मृणाल अमरावतीहून मोजते.
काय मोजते, देव जाणे.
तिचा हात वर गेला की मी जोर लावते,
खाली आला की सोडते.
त्यात मे महिना. खिडकीत कूलर,
वाळ्याच्या नव्या ताट्या, जुन्या मोटरीची कुरकुर.
एकदा सगळ्या थांबल्या, पाणी प्यायल्या, पांगल्यासुद्धा,
आणि मी डोळे मिटून
अख्खं दीड मिनिट एकटीच चढ चढत होते.
निलोफर अजून सांगते ते, पोस्टाच्या काउंटरवर येऊन,
काचेपलीकडून, मोठ्यानं.

लेकाचे वायरवाले लावून पाहिले.
वायर हॅंडलात गुंतली, मोबाईल ओढला गेला,
मृणाल फरशीवर पालथी पडून मोजत राहिली.
मग ती बिनवायरची बोंडं.
घामानं घसरली.
एक तीन दिवसांनी कूलरच्या पाण्यात सापडलं,
गाळात, मोडासारखं.

म्हणून रविवारी बर्डीवर गेले.
दुकानातल्या पोरानं जाड गादीचे, काळे, कानांवर चढवले
आणि एक कळ दाबली.
बर्डी गेली.
हॉर्न, वरून जाणारी मेट्रो,
पायपुसणी विकणाऱ्याची एकसुरी हाक,
सगळं कुणी ओल्या फडक्यानं पुसून घ्यावं तसं.
समोर पोरगा बोलत होता, दात दिसत होते.
कवटीच्या आत माझाच श्वास,
जिना चढून आलेल्या परक्या बाईसारखा.
मी घाबरून काढले.
"काय झालं मॅडम? याच्यावर नाही काही मार्केटमध्ये."

बाबा तांडापेठेत यंत्रमागावर होते, चोवीस वर्षं.
कानात कापसाचे बोळे.
घरी आले की काढून फळीवर ठेवायचे,
कंगव्याशेजारी. दुसऱ्या दिवशी तेच.
डावा बोळा मात्र सैल असायचा, मुद्दाम.
आईनं विचारलं तर म्हणत,
"धागा तुटला तर ऐकू आलं पाहिजे ना."
बारा माग एकदम धडधडताना
एका धाग्याचं तुटणं!
आम्ही बहिणी तोंड दाबून हसायचो.
पुढे त्यांचा डावा कान आधी गेला.
तेव्हा कुणी हसलं नाही.

पोरगा म्हणाला, "मग हे हाडावाले पाहा.
गालफडावर बसतात, कान मोकळा."
म्हणाला, "पण मशीनचा आवाज येईल, सांगून ठेवतो."
मी दोन्ही लावले, काढले, पुन्हा लावले.
मागे एक जोडपं टीव्हीचा रिमोट मागत ताटकळलं.
शेवटी काळेच घेतले. तीनशे कमी करवून.

सोमवारी पहिल्यांदा कळलं
की मृणाल मोजत नाही नुसती,
मधेच नावं घेते.
"कुंदाताई, खांदे सोडा. कुंदाताई, छान."
दोन महिने ती हे म्हणत होती
आणि मी कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे पाहत होते.

बुधवारी घाम आला म्हणून डावी वाटी
जरा मागे सरकवली.
पंख्याच्या घर्घरीखाली
एक बारीक टक.
मग पुन्हा, उजवा पाय खाली गेला की, टक.
उतरले. वाकून पाहिलं.
पायडलचा नट निम्मा बाहेर आला होता.
पडद्यावर सहा जणी धापा टाकत होत्या,
मी पाना शोधत होते, आणि का कोण जाणे,
कंगव्याशेजारच्या फळीवर आधी पाहिलं.

आता एक वाटी सैलच ठेवते.
आठवड्यानं बाजू बदलते.
बाबांना हे सुचलं नव्हतं.