सातव्या खांबावर

हेल्डूर गेली एकतीस वर्षं
पहाटे समुद्रावर चालत जातो,
गिरमिटानं बर्फाला भोक पाडतो,
काठी आत सोडतो
आणि पेरानं खूण धरून वर घेतो:
एकोणीस. अजून नाही.
हीउमा बेट आणि किनारा यांच्यामधला रस्ता
बावीस सेंटिमीटरला उघडतो.

यंदा त्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला,
म्हणून मी.
म्हणजे मी आणि एक डबा, साबणाच्या वडीएवढा,
चार मेगाबाइट पोटाचा;
त्यातलं तीन कर्नलनं आल्या आल्या खाल्लेलं.

टाल्लिनहून माझ्या सवयीचा शेल घेऊन आले होते,
सगळं येणारा, सगळं आठवणारा.
उरल्या जागेत तो मावेना.
नाकापेक्षा मोती जड.

दुसरा इतका किडकिडीत
की त्याला ‘जर’ कळत नव्हतं.
सांगाल तेवढं करी, मग नुसता उभा.
बर्फावर ‘जर’ नसलेला माणूस
एका हिवाळ्यापुरता असतो, हेल्डूर म्हणाला,
आणि चहात जॅम ढवळत राहिला.

मग ॲश.
इंग्रजीत त्याचा अर्थ राख, मी सांगितलं.
हे चालेल, तो म्हणाला,
राख टाकली की पाय घसरत नाही.

रात्री बंदराच्या तिकीटखोलीत
मेनू उघडून एकेक चौकोन रिकामा करत बसले.
नवीन टपाल आलंय का ते पाहत राहणं:
भर समुद्रात खांबाला कोण पत्र घालणार? काढलं.
टोपणनावं काढली.
अर्धा शब्द लिहिला की उरलेला ओळखणं,
तेही काढलं. हे जरा दुखलं.
कामं मागं ढकलून दुसरी पुढं घेणं कशाला,
याला जन्मभर काम एकच.
तपासणीची आज्ञा मात्र पोटातच घेतली,
दर वेळी बाहेरून माणूस बोलवायला नको.
माझ्या जुन्या स्क्रिप्टमधले दुहेरी कंस एकेरी केले,
याद्या मोडून सुटी नावं केली.

गणित ठेवलं.
त्याला अपूर्णांक समजत नाहीत,
तेव्हा सेंटिमीटर सोडून मिलिमीटरवर आले:
एकशे चौऱ्याण्णव, एकशे सत्त्याण्णव, दोनशे एक,
बेरीज, भागिले तीन,
बाकी एक. ती समुद्राला.
उत्तर नेहमी खालीच ओढलं जातं.
बर्फाच्या बाबतीत ते बरंच.

इतिहासही काढला होता.

उणे सतरा. सातवा खांब.
हेल्डूरनं केबल जोडली, हातमोजा दातांत धरला,
आणि मी शिकवलेली आज्ञा टिपली,
सव्वीस अक्षरं.
विसावं चुकलं.
पुन्हा. तेविसावं.
तो ओरडला नाही. म्हणाला,
कालचंच वाक्य आज परत का लिहायचं?
वहीचं मागचं पान उलटता येतं,
याला नाही येत?

जागा नाही, मी म्हणाले. काही किलोबाइट लागतील.
त्यानं बोटं माझ्यापुढं धरली.
दोन शेंडे पांढरे,
मेणासारखे, कधीचेच.

त्या रात्री इतिहास परत घातला.
आठच ओळी,
निघताना एकदाच लिहून ठेवेल अशा,
म्हणजे फ्लॅश झिजायला नको.
त्या बदल्यात कंपनीचं नाव झळकवणारं स्वागत गेलं,
आणि प्रॉम्प्टचा सगळा साज.
उरलं एक डॉलरचं चिन्ह आणि शेजारी रिकामी जागा.
मार्गुस साहेब आठवडाभर माझ्याशी
फक्त ईमेलनं बोलले.

फेब्रुवारीची नऊ.
टपालाची गाडी रस्त्याच्या तोंडाशी उभी;
सिर्ये काच खाली करून, पट्टा न लावता बसलेली.
इथला नियमच तसा,
बांधलेला माणूस लवकर सुटत नाही.

हेल्डूरनं मोजा काढला.
वरचा बाण.
एंटर.
दोनशे तेवीस.

त्यानं मान हलवली, केबल गुंडाळली,
आणि दोन पावलं सरकून
गिरमिट लावलं.
सिर्येनं इंजिन बंद केलं.
मी काठी धरून उभी राहिले.