रिकामं पोतं

सोहारमध्ये ऑगस्टात नळाला थंड पाणी नसतं.
समुद्राचं मीठ काढून, वर क्लोरीन घालून
घरोघरी धाडलेलं पाणी
गच्चीवरच्या टाकीत दिवसभर तापत बसतं.
शाल्मलीच्या कोपराच्या खळीत ते लागलं
की ती म्हणते, "नाही गं, नाही होत आग."
सात वर्षांची आहे.
खोटं बोलताना पायाचे अंगठे दुमडते.

त्या अंगठ्यांकडे बघून मी घर उपसायला काढलं.

सिंकखालचा निळा, मोरीतला हिरवा,
कपड्यांना पहाटेचा वास आणतो म्हणणारा गुलाबी.
कुठली पहाट?
इथे पहाटे एसीची नळी ठिबकते, तेवढंच.
भिंतीवरची ती डबी, दर वीस मिनिटांनी
कुणी न विचारता फुस्स करून लिली सोडणारी.
बाटल्यांच्या पाठी वाचायला भिंग आणलं
आणि चाळिशी लागल्याचं त्याच दिवशी कळलं.
शेजारची शोभना म्हणाली, टाकतेस कशाला, मला दे.
मी दिल्या नाहीत.
त्यावरून आमचं चार दिवस बोलणं बंद.

रात्री मुकुंद शिफ्टवरून येतो.
दारातून त्याच्या आधी त्याचा वास आत येतो,
अमोनियाचा, अगदी पुसट,
तान्ह्या बाळाच्या भिजल्या दुपट्यासारखा.
त्याचा डांगरी मी वेगळ्या बादलीत भिजवते, बाल्कनीत.
त्या दिवशी बादलीकडे बघत तो म्हणाला,
"मलाही बाल्कनीतच ठेवणार का?"
हसला.
मी नाही हसले.

तो युरिया बनवतो.
पांढराशुभ्र, साबुदाण्यासारखा, जहाजं भरभरून.
त्यावर शाल्मलीची फी, त्यावर माझं भिंग,
त्यावरच हॉलंडहून विमानाने आलेली
ती ढोबळी मिरची,
कपाळावर 'सेंद्रिय' अशी हिरवी टिकली लावून बसलेली,
दीड रियालला दोन.
हे मी त्याला म्हटलं नाही. त्यानेही मला नाही.
जेवताना आम्ही दोघांनी ती मिरची संपवली.

शुक्रवारी सहमच्या वाटेवर खलफानचा मळा.
भेंडीला भोकं, वांग्याला खरूज,
लिंबं सुपारीएवढी.
शाल्मलीला भेंडीत अळी सापडली,
तिने तिथल्या तिथे तिचं बारसं केलं.
मी विचारलं, खत कुठलं?
खलफान म्हणाला, "केमिकल नहीं. बकरी."
आणि मागे बोट दाखवलं.

कुंपणाला टेकून वीसेक पोती उभी.
प्रत्येकावर मुकुंदच्या कंपनीचं नाव,
निळ्या अक्षरांत, ठसठशीत.

मुकुंदचे कान लाल झाले.
मी भेंडीची टोपली खाली ठेवली.
खलफानने शांतपणे एका पोत्याचं तोंड सोडलं:
आत लेंड्या, वाळलेल्या, काळ्याभोर,
मुठीत घेतल्या तर भुरभुरणाऱ्या.
"पोता मजबूत है," त्याने मुकुंदच्या पाठीवर थाप मारली,
"खाली मिले तो और दस लाना."

परतताना गाडीत कुणीच बोललं नाही.
मग मुकुंदला हसू फुटलं, मग मला,
आणि शाल्मली मागून ओरडत राहिली,
काय झालं, मला सांगा ना, काय झालं.

आता रात्री रिठे भिजत घालते.
फेस बेताचाच होतो.
डांगरीचा वास पूर्ण जात नाही.
राहू दे.
गेल्या आठवड्यात शाल्मली दोन रात्री सलग
न खाजवता झोपली,
तिसऱ्या रात्री खाजवलं.
शोभनाने परवा रिठ्याचं पाणी मागितलं,
तेही बाटली घेऊन. गुलाबी.

बाल्कनीत कढीलिंब लावलाय,
खलफानने दिलेल्या पोत्यात, अर्धं भरून.
मी पोत्यावरचं नाव भिंतीकडे करते.
मुकुंद पाणी घालायला जातो
आणि जड असलं तरी
ते पुन्हा पुढे फिरवून येतो.