एक की दोन

डंडीत नदीवरून धुकं चढलं
की पूल निम्माच उरतो,
आणि चष्म्याच्या दुकानात आम्ही दोघीच.
आज शेवटची अपॉइंटमेंट रद्द झाली
म्हणून खुर्चीत मीच बसले.
मॉरागला म्हटलं, बघ माझेही डोळे.

तिनं भिंग सरकवलं. टक.
एकनं नीट दिसतं, की दोननं?
दिवसातून चाळीसदा मी हेच विचारते.
लोक बावरतात, चुकेल म्हणून
माझ्याच आवाजात उत्तर हुडकतात.

मीही त्यातलीच.
चिपळूणच्या शाळेत डोळे तपासायला आले होते,
तेव्हा माझ्यापुढच्या सुलभा ओकनं वाचलेली शेवटची ओळ
मी ऐकून पाठ केली.
चष्मा नको होता.
घडाघडा म्हणून दाखवली, शाबासकी घेतली,
आणि पुढं दोन वर्षं फळा धुरकट.

उन्मेषवरचं प्रेम
मी असंच म्हणून दाखवत होते का?

माझं हसणं त्याला कसं वाटतं, ते तोंडपाठ.
माझ्याबद्दल मित्रांना तो काय म्हणाला, तेही.
पण त्याच्या आईचं नाव विचारलं
तर मी अडखळेन.
त्याला भीती कशाची वाटायची,
नोकरी गेली त्या आठवड्यात तो जेवत होता का,
ठाऊक नाही.
विचारलंच नव्हतं.
पाहत मी त्याच्याकडेच होते,
पण दुकानाच्या काचेत पाहावं तशी:
आतला माल दिसत नाही,
आपले केस तेवढे नीट दिसतात.

फसवलं त्यानं, असं सगळ्यांना सांगितलं.
सोयीचं होतं ते.
त्याचा हिशेब त्याच्यापाशी.

वृंदा? मॉराग विचारते. एक की दोन?
थांब गं.

फेब्रुवारीतली एक रात्र आहे.
त्याला सणकून ताप, आणि झोपेत सारखा म्हणत होता
गॅस बंद केलास का, गॅस.
त्या घरात गॅस नव्हताच, विजेची शेगडी.
मी वैतागले. उठले.
गारठलेल्या फरशीवरून अनवाणी जाऊन
अंधारात चारही बटणं चाचपली,
येऊन म्हटलं, केला बंद. झोप.
त्यानं ऐकलं नसावं. सकाळी त्याला आठवत नव्हतं.
मी कधी कुणाला सांगितलं नाही;
सांगून मिरवावं असं काही नव्हतं त्यात.

तेवढं बहुधा खरं होतं.
तीन वर्षांत तेवढं.
आणखी असेल तर मला सापडत नाहीये,
आणि आज शोधल्यासारखं करणार नाही.

मॉराग थांबली आहे, भिंग चिमटीत धरून.
फरक कळत नाही मला, मी सांगते.
बरं, तसं लिहिते, ती म्हणते.
आता शेवटची ओळ वाच.

पाठ आहे मला ती. अठरा वर्षं रोज पाहते.

नाही दिसत, मी म्हणते.