बॅटरी

लेर्गच्या पुढे रस्ता एकाच गाडीपुरता उरतो.
समोरून कुणी आलं तर दोघांपैकी एकाने
मोठं मन करून मागे सरायचं.
तिथे, चढावर, हिने मान टाकली.

ही म्हणजे व्हॅन. रंग सायीचा, चाकांवर गंजाची जाळी,
आत दोन बाकं, एक शेगडी
आणि एक खिडकी, जी घेतल्या दिवसापासून
बोटभर उघडीच आहे.
रॅनल्ड स्टिअरिंगवरचे हात न काढता म्हणाला,
'ये रे माझ्या मागल्या.'

माझं नाव सेंगा. आजी ॲग्नेस होती;
तिचीच अक्षरं आईने शेवटाकडून लिहिली आणि मला दिली.
ही गाडीही आम्ही तशीच शिकलो, शेवटाकडून:
आधी काय तुटलं,
मग ते कशासाठी होतं.

क्लचची तार कळली अलापूलच्या उतारावर.
डिस्ट्रिब्युटरचं झाकण लॉखिनव्हरच्या धक्क्यावर, धुक्यात;
रात्रभर शेगडीशेजारी वाळत घातलं, मोज्यांसोबत.
ॲक्सिलरेटरची तार गेली तेव्हा
कपडे वाळवायची दोरी मी इंजिनातून
त्या बोटभर खिडकीत आणली,
आणि एकोणीस मैल तो म्हणाला ओढ, मी ओढली,
म्हणाला सोड, सोडली.
लग्नात कधी इतकं ऐकलं नव्हतं मी त्याचं.
स्टार्टर मात्र हट्टी. त्याला लाटण्याचीच भाषा कळते.

टॉर्क्विल दर वर्षी हात पुसत सांगतो, विका आता हिला,
भंगारात किलोवर जाईल;
आणि बोलता बोलता जर्मनीला फोन लावतो
पाण्याच्या पंपासाठी.
टोर्मोडने दोनदा ट्रॅक्टरने ओढलं. पैसे म्हटलं
की त्याला ऐकू येत नाही. रुबार्बचा मुरांबा म्हटलं की येतं.
मुलांना वाटतं, आम्ही डोंगर बघायला जातो.

जायचं असतं स्ट्रॅथीच्या टोकाला, दीपस्तंभ बघायला.
निघालो त्याला इतकी वर्षं झाली
की मध्यंतरी त्यांनी त्याचा दिवाच बंद केला.

या सगळ्यात माझं काम एकच, बॅटरी धरायचं.
तो खाली, उताणा, ओठांत स्क्रू; मी वाकलेली.
'डावीकडे. अगं, माझ्या डावीकडे.
पान्यावर धर, माझ्यावर नको.'
सत्तावीस वर्षं मी त्याच्या कपाळावर उजेड पाडला
आणि बोलणी खाल्ली.

यंदा त्याचा गुडघा बदललाय. रांगायचं नाही, लोळायचं नाही.
मग त्याचाच रेनकोट अंथरून मी शिरले खाली.
तेलाचा वास. खडी पाठीत.
चिलटांनी कानात बिऱ्हाड केलेलं.
रबरी नळीला चीर होती, नखाएवढी.
'दिसतंय का?' वरून आवाज.
कुठलं दिसतंय! झोत सरळ माझ्या डोळ्यांत.
'नळीवर धर,' मी ओरडले, 'माझ्यावर नको!'

वर एकदम सामसूम.
मग आधी कोण हसलं, आठवत नाही.
माझं डोकं सायलेन्सरवर आपटलं एवढं खरं.

मागून एक मोटार येऊन थांबली. तरुण आवाज, दक्षिणेकडचा:
काही मदत?
'नको,' रॅनल्ड म्हणाला, 'हिला येतं सगळं.'
जरा थांबून, 'चहा घेणार?'

तेवढ्यात उजेड हलला, चीर काळोखात गेली.
मी चाचपडत तिच्यावर अंगठा दाबून धरला.
पाणी अजून कोमट होतं.
आणि वर तो त्या पोराला
दोरीची गोष्ट सांगायला लागला, अगदी पहिल्या मैलापासून.