सुरई, आतून

डिचोलीच्या हायस्कुलात, चवथ होऊन पंधरा दिवस,
आम्ही एकतीस कलाशिक्षक
मुलांच्या बाकांत गुडघे कोंबून बसलो.
परिपत्रक आलं होतं : यंदापासून माती.
शाळेला पन्नास किलो, मुलामागे दोन मुठी.

शिकवायला शाणू कुंभार. सातवी नापास,
हे त्यानेच सांगितलं, नमस्काराच्याही आधी.
फळ्यावर काही लिहिलं नाही.
पोतं उसवलं, ढेकूळ काढलं
आणि टेबलावर असं आपटलं
की हजेरीपटावरचं पेन उडालं.
"हवा राहिली आत, तर भट्टीत फुटणार.
शेजारच्यालाही घेऊन फुटणार."
मळून मळून आमचे खांदे भरून आले,
तेव्हा म्हणाला, "आतां तिका इल्ली न्हिदूंक दी."
एकतीस गोळ्यांवर ओली फडकी घालून
आम्ही पाय न वाजवता चहाला गेलो.

चहावर चर्चा झाली ती नळाची.
हळदोण्याच्या ज्योकीम सरांच्या शाळेत एकच बेसिन,
आणि तेही प्रयोगशाळेचं.
उर्मिला गावस बाई नुसत्या हसत होत्या.
दिराची चित्रशाळा आहे त्यांच्या,
नखं त्या घरूनच कापून आल्या होत्या.

मी सव्वीस वर्षं सुरई शिकवली.
स्थिरचित्र : सुरई, दोन लिंबं, चुण्या पडलेला टॉवेल.
तोंडाचं लंबवर्तुळ, डावीकडून उजेड,
पोटाखाली गडद होत जाणारी शिसपेन्सील.
वाळपईच्या बाजारातली निम्मी दुकानं
माझ्या सुरईवर पास झालेली पोरं चालवतात.
तिच्यात किती पाणी मावतं
मला कुणी विचारलं नाही.

"अंगठा घाल मास्तर. फिरव.
भिंत किती जाड, ते डोळ्यांना कळत नाही. मीट."

मिटले.
आत आधी गार, मग नुसतीच जागा.
बाहेरची बोटं आणि आतला अंगठा
पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी
एकमेकांना चाचपत राहिले,
आणि तिथे, त्या ओल्या अंधारात,
तो बैल.

सहावी ब. म्हाळू गांवकर.
विषय होता 'माझा आवडता प्राणी', कागदावर.
त्याने डब्यातून मेरेच्या मातीचा बैल काढला,
वशिंडावर भाताचं शीत चिकटलेला.
मी म्हटलं, हे चित्र नव्हे, टाकून ये.
त्याने टाकला नाही.
कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला, शेताकडे तोंड करून.
चार दिवस मी त्याच्यासमोरून सायकल लावायला गेलो.
पाचव्या दिवशी भिंतीवर नुसते चार खूर होते.
म्हाळूला मी पस्तीस दिले.

दुसऱ्या दिवशी मी बैल करायला बसलो.
शिंगं लावली, पडली. लावली, पडली.
शाणूने बोटभर काडी पुढे केली.
"गुळगुळीत गुळगुळीताला धरत नाही.
दोनूय अंगांनी खरवड, मग चिखल लाव."
खरवडलं.
एक शिंग राहिलं.

शेवटी फॉर्म : प्रशिक्षणातून काय शिकलात? तीन ओळी.
ज्योकीम सरांनी पुरवणी मागितली.
मी लिहिलं, आपटणे. झोपू देणे. खरवडणे.
खाली सही केली, ती वाळून पुढे सोलून निघाली.

सोमवारी बाकांवर जुनी वर्तमानपत्रं,
दारात मुख्याध्यापिका, नजर नळावर.
पहिल्या बाकावरच्या सानियाने विचारलं,
सर, काय काढायचं?
सव्वीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर
माझ्या खिशात तयार असायचं.
म्हटलं, काही नाही. आधी आपट.

एकेचाळीस गोळे एकदम पडले.
वरच्या वर्गातून गणिताचे सर धावत खाली आले.

मधल्या सुट्टीत नळ तुंबला.
ऑफिसात बोलावणं आहे.
हात धुऊन येतो म्हणणार होतो,
पण कुठे धुणार?
तसाच जातो.