बोटभर

नायक हिलाल सुट्टीवर आला
आणि म्हणाला, फोटू नको निंबादादा, चित्र काढ.
मी, नि मना मांगे धनदाई.

साक्रीत मी पाट्या रंगवतो : खतं, बियाणं, सरपंचाचं अभिनंदन.
देवी आजवर ट्रकच्या माथ्यावर काढली,
तीही नुसती नावानं.

तीन दुपारी तो उभा राहिला
तापल्या पत्र्याखाली, गळ्यापर्यंत बटणं लावून.
मिशीवरून घाम ओघळला, पुसला नाही.
बूट जमले. पट्ट्याचं पितळ जमलं.
शालू निभावला खताच्या पाटीतून उरलेल्या लालात.

राहिला तिचा हात.
खांद्यावर पाहिजे, तो म्हणाला.
अंदाज यावा म्हणून मागून गेलो
आणि माझाच ठेवून पाहिला –

वळला कधी ते कळलं नाही.
माझं मनगट त्याच्या मुठीत
आणि डोळे साक्रीतले नव्हते.
सोडलं तेव्हा
त्याच्या बोटांना माझा हिरवा रंग.
माफ कर भो, एवढंच बोलला. पुन्हा ताठ.

आता चित्र त्यांच्या ओट्यावर आहे.
येणारे-जाणारे म्हणतात, निंबा पेंटर चुकला,
आईचा हात टेकलाच नाही,
बोटभर वर राहिला.

हिलालनं निघताना
पैसे पूर्ण दिले. घासाघीस केली नाही.